इटलीचे वस्ताद, बर दुबईची दुपार

बर दुबईत, खाडीच्या अंगाला, संगमरवर आयात करणाऱ्या एका कंपनीत मी सेक्रेटरी होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. तेव्हा तिथल्या पुष्कळ ऑफिसांत दिवसाचे दोन तुकडे असत. सकाळी आठ ते एक काम, मग सुट्टी, मग चार ते सात पुन्हा काम. मधल्या वेळात लोक घरी जाऊन जेवत आणि पडदे ओढून झोपत. आमचं घर शारजात. जाण्यायेण्यातच सुट्टी संपली असती, म्हणून मी ऑफिसातच थांबायचे. मुलगी शाळेतून शेजारच्या मावशींकडे जायची. नवरा अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. तो गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शुक्रवार संपला की परत जायचा.

त्या दुपारी आता आठवल्या की मला त्या पाण्याखाली घडल्यासारख्या वाटतात. बाहेरचा रस्ता उन्हानं पांढरा पडलेला. शटर अर्धं खाली ओढलेलं. भिंतीला टेकवलेल्या संगमरवराच्या नमुन्यांत एसीचा गारवा मुरलेला असे. त्यावर तळहात ठेवला की विहिरीच्या पाण्यात बुडवल्यासारखं वाटे. खाडीवरून अब्रा, म्हणजे तिथल्या लाकडी नावा, टकटक करत जायच्या. डबा खाऊन तो आवाज ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे.

ऑफिसात आणखी एकच माणूस थांबायचा. आमचे मालक. सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले इटालियन गृहस्थ. बायको गेलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. सगळे त्यांना सिन्योर म्हणत. मला ते सिन्योरा म्हणत, त्यामुळे मला उगीचच वयस्कर आणि भारदस्त वाटायचं. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यात वीस वर्षांच्या मुक्कामातलं अरबी मिसळलेलं. यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि इन्शाल्ला, एवढ्यावर त्यांचा अर्धा कारभार चाले.

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सिन्योरा, तुम्ही झोपत नसाल तर माझं एक काम कराल? ऑफिसचं नाही."

मी तर पेंगतच होते. पण म्हटलं, "बोला ना, सर."

"माझ्या नातवंडांना इटालियन येत नाही. माझ्या वडिलांची गोष्ट मला त्यांच्यासाठी इंग्रजीत लिहून ठेवायची आहे. मी बोलतो, तुम्ही उतरवून घ्या. माझं इंग्रजी वाटेत नीट करा."

मी शॉर्टहँडची वही काढली. त्यांनी खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि पहिलं वाक्य सांगितलं, "माझे वडील फुटबॉल खेळत. तेव्हा आमच्या देशात फुटबॉल म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं." मग थांबून त्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला फुटबॉल कळतं का? हाफ बॅक म्हणजे काय, ते सांगावं लागेल?"

"नको सर. मी कोल्हापूरची आहे."

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग मलाच सांगावं लागलं. आमच्या गावात कुस्तीच्या तालमी आहेत, आणि त्या तालमींच्याच फुटबॉलच्या टीम आहेत. दोन पेठांची मॅच असली की गावात हलगी वाजते, दुकानं लवकर बंद होतात, आणि सख्खे साडू एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत. माझ्या लहानपणी मुली मैदानावर जात नसत. मी आत्याच्या गच्चीवरून बघायचे. गच्चीवरून अर्धंच मैदान दिसे. उरलेल्या अर्ध्यात काय झालं ते ओरडण्यावरून ओळखायचं.

सिन्योरांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "इंडियात?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं तुम्ही सगळे क्रिकेट!" मग एकदम खूश होऊन म्हणाले, "यल्ला, लिहा!"

अशी सुरुवात झाली, आणि जवळजवळ दोन वर्षं चालली. रोज नाही. कधी कंटेनर अडकलेला असे, कधी त्यांची पाठ दुखे. पण आठवड्यातून तीन दुपारी तरी मी इटलीत असायचे.

त्यांचे वडील उत्तरेकडच्या एका गावात रेशमाच्या गिरणीत कारकून होते. त्या गिरणीत काही इंग्रज आणि स्विस लोक कामाला होते. त्यांनी एक चेंडू आणला आणि रविवारी बाजाराच्या माळावर लाथाडायला लागले. एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी या कारकुनाला बोलावलं. तो कामाच्या बुटांवरच खेळला. चेंडू जाड चामड्याचा, वर वादीनं आवळलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा, आणि वादी कपाळाला लागली की रक्त निघायचं. सिन्योरांच्या वडिलांच्या भुवईवर तसा व्रण होता. टीमचे सदरे आयांनी घरी शिवून हिरव्या रंगात बुचकळलेले. पहिल्याच मॅचला पाऊस आला आणि अकराच्या अकरा पोरांच्या माना आठवडाभर हिरव्या राहिल्या.

"गोलाचे खांबसुद्धा तेच खांद्यावरून न्यायचे," सिन्योर सांगत. "जाळं पोत्यात. तिसऱ्या वर्गाचं तिकीट स्वतःच्या पैशानं. आणि सोमवारी सकाळी पुन्हा गिरणी."

मी ते टाइप करायचे तेव्हा खिडकीबाहेर पंचेचाळीस अंश तापमान असायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र धुकं, चिखल, नदीकाठची उंच झाडं, श्वासाची वाफ. चार वाजता लोक परत आले, फोन वाजू लागले, की मला क्षणभर कळायचं नाही मी कुठे आहे. एकदा एका ठेकेदाराला मी स्लॅबच्या भावाऐवजी 'मैदान ओलं आहे' असं काहीतरी उत्तर दिलं. तो म्हणाला, "क्या मॅडम?" मी म्हटलं, "कुछ नहीं, दो मिनट होल्ड कीजिए."

पुढे पहिलं महायुद्ध आलं. वडील डोंगरातल्या आघाडीवर गेले आणि हिमदंशानं डाव्या पायाची दोन बोटं गमावून परतले. पळणं संपलं. तिशीही आली नव्हती. पण मैदानापासून दूर राहवेना, म्हणून एका लहानशा क्लबनं विचारल्यावर ते टीम तयार करायला लागले.

"तिकडे अशा माणसाला 'मिस्टर' म्हणतात," सिन्योर म्हणाले. "पहिले शिकवणारे इंग्रज होते ना, म्हणून. वडील अस्सल इटालियन, पण सगळं गाव त्यांना मिस्टर म्हणायचं. आईसुद्धा, रागावली की."

"आमच्याकडे वस्ताद म्हणतात," मी म्हटलं.

तो शब्द त्यांना फार आवडला. त्यांनी तो तीन-चारदा घोळवून म्हटला. पुढे एके ठिकाणी माझ्या हातून 'मिस्टर'च्या जागी 'वस्ताद' टाइप झालं, आणि कागद तपासताना त्यांनी ते तसंच राहू दिलं. "ऑस्ट्रेलियातल्या मुलांना दोन्ही सारखंच," म्हणाले.

वस्ताद होणं म्हणजे तेव्हा सगळंच करणं होतं. गवत कापायचं, चुन्यानं रेघा मारायच्या, मलमपट्टी करायची, मध्यंतरात वाटायला पिशवीभर लिंबं न्यायची. त्यांची एक खास रीत होती. आठवड्यातून एक सकाळ ते पोरांना चेंडूशिवाय खेळायला लावत. अकरा जण मैदानावर सावकाश चालायचे, आणि प्रत्येकानं न बघता आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोण आहे ते मोठ्यानं सांगायचं. कुंपणावर बसलेले शेतकरी पोट धरून हसत. पोरं लाजत. पण महिन्याभरात त्यांना पाठीला डोळे फुटले.

मला हे वेडच लागलं. मीनाबाजारातून साडीचं फॉल-पिको घेऊन येताना गर्दीत मी मनातल्या मनात सांगायचे, डाव्या हाताला पठाण, उजवीकडे दोन फिलिपिनो मुली, मागे ढकलगाडी.

एका जानेवारीत सकाळी खाडीवर खरोखरीचं धुकं उतरलं. दुबईत ते वर्षातून थोडेच दिवस पडतं, पण पडलं की समोरचा किनारा पुसून टाकतं. मी बसमधून उतरून चालत येत होते, तर सिन्योर अब्राच्या धक्क्यावर उभे. कोट घातलेला, हात मागे बांधलेले. नावा दिसतच नव्हत्या. नुसता टकटक आवाज यायचा आणि एकदम पांढऱ्यातून माणसांनी भरलेलं लाकूड बाहेर पडायचं.

"आमचं मैदान असंच असायचं," ते म्हणाले. "वडील पहाटे तिथे अनवाणी चालायचे. कुठे जमीन मऊ आहे, कुठे चेंडू थांबेल, ते पायांना कळतं म्हणायचे. मी कडेला त्यांचे बूट हातात धरून उभा. ते धुक्यात दिसेनासे झाले की मला भीती वाटायची. ओरडावंसं वाटायचं. पण ओरडलेलं त्यांना खपायचं नाही."

आम्ही धुकं विरेपर्यंत तिथेच उभे होतो. ऑफिसला पंधरा मिनिटं उशीर झाला, पण मालकच सोबत असल्यावर कोण बोलणार.

वडिलांची नोकरी कुठेच दोन वर्षांहून जास्त टिकली नाही. टीम हरली की वस्ताद जाणार, हा नियम तेव्हाही होता. कुटुंब गावोगाव फिरलं. आई ट्रंका पूर्ण रिकाम्या करायचीच नाही. प्रत्येक गावची बोली वेगळी, शाळा वेगळी. असं करता करता ते एका नदीकाठच्या गावी आले. तोवर सिन्योर अठरा वर्षांचे झाले होते आणि वडिलांच्याच टीममधून खेळू लागले होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. सैन्यातून बोलावणं कधी येईल याचा नेम नव्हता.

इथवर आलो आणि डिक्टेशन थांबलं.

एका दुपारी त्यांनी सांगितलं, "शेवटचा रविवार. जिंकलो तर वरच्या गटात. वडील शनिवारी अकरा नावांचा कागद न्हाव्याच्या दारावर लावत." मी पेन्सिल धरून बसले. पाच मिनिटांनी ते उठले. "खलास, सिन्योरा. आज एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कंत्राटदाराला पत्र सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. महिना गेला. वही तशीच कोरी. शेवटी मीच विचारलं, "सर, त्या कागदावर काय होतं?"

"माझं नाव नव्हतं," ते म्हणाले.

एवढं बोलून त्यांना हलकं वाटलं असावं, कारण पुढचं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. ते त्या टीममधले चांगले खेळाडू होते, हे सगळं गाव मानायचं. तरी का वगळलं, ते वडिलांनी सांगितलं नाही. त्यांच्या जागी बेकरीवाल्याचा मुलगा खेळला. टीम हरली. वडिलांची नोकरी गेली. तीन आठवड्यांत सिन्योरांना सैन्यात बोलावलं. आघाडी, मग कैद. परत आले तेव्हा अर्धं शतक जगून झाल्यासारखं वाटत होतं. पुन्हा कधी खेळले नाहीत. संगमरवराच्या धंद्यात शिरले. वडील आणखी वीस वर्षं जगले, एकाच टेबलावर दोघं जेवले, पण त्या रविवारचा विषय कधी निघाला नाही.

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"आमच्यात वडिलांना विचारत नसत."

"आमच्यातही नाही," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी पोहे खाता खाता मी हे नवऱ्याला सांगत होते. तो म्हणाला, "नको विचारूस त्यांना आता. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास." मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती दाणे वेचून आधी खात होती. मान वर न करता म्हणाली, "बट आई, समबडी एल्स मस्ट नो. द अदर बॉय. द बेकरी वन."

नवरा हसला. मी नाही हसले. शनिवारी ऑफिसात गेल्यावर मी ते जसंच्या तसं सिन्योरांना सांगितलं.

"तो माझ्याहून मोठा आहे," ते म्हणाले. "असेल की नाही, देव जाणे."

"पत्र तर टाका, सर. नसेल तर परत येईल."

त्यांनी चार दिवस घेतले. मग स्वतःच्या हातानं, इटालियनमध्ये, एका पानाचं पत्र लिहिलं. मी पोस्टात टाकून आले. उत्तर यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात ते रोज सकाळी टपालाच्या गठ्ठ्यावरून नुसती नजर फिरवायचे आणि काहीच न विचारता आत जायचे.

पाकीट आलं तेव्हा पावणेएक झाला होता. एक वाजेपर्यंत त्यांनी ते उघडलं नाही. सगळे गेले, शटर अर्धं खाली आलं, आणि मग त्यांनी मला समोर बसवून ते पत्र एक-एक ओळ इंग्रजी करत वाचलं. मी पेन्सिल घेतली नव्हती. तरी मला ते पाठ आहे.

बेकरीवाल्याच्या त्या मुलानं लिहिलं होतं, 'तुझे वडील शुक्रवारी आमच्याकडे आले. सकाळी पाव नेला होता, तरी पुन्हा पाव घेतला. मग मला म्हणाले, रविवारी तू खेळणार. मी विचारलं, आणि तुमचा मुलगा? ते म्हणाले, माझा मुलगा तुझ्यापेक्षा चांगला आहे, भलतं मनात आणू नकोस. पण पायात चेंडू आला की तो मान वर करून आधी मला शोधतो. तेवढ्या वेळात समोरचा येऊन चेंडू काढून नेतो. ही त्याची सवय मी शिकवून सुटणार नाही. मी तिथे उभा आहे म्हणूनच तर ते होतं. हे त्याला सांगू नकोस, असंही म्हणाले. म्हणून मी सांगितलं नाही. आता त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा सांगायला हरकत नसावी. मी त्या दिवशी वाईट खेळलो, ते तुला माहीतच आहे. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही.'

खाली त्याच्या गुडघ्यांच्या दुखण्याविषयी दोन ओळी होत्या. त्याही सिन्योरांनी वाचल्या.

मग त्यांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. मला वाटलं ते रडतील, आणि मी पाण्याचा ग्लास कुठे आहे ते बघून ठेवलं. पण ते हसले. अगदी हळू, पोटातून.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी बघायचो. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, कुणाला कळत नाही."

एसीचं पाणी बाहेरच्या डब्यात टपटपत होतं. मग ते म्हणाले, "सिन्योरा, मी पन्नास वर्षं समजत होतो की त्यांनी मला कधी नीट पाहिलंच नाही. पण मी त्यांना शोधतो हे त्यांना कळलं कसं? म्हणजे तेही त्या वेळी चेंडूकडे बघत नव्हते."

मी उठून वही घेऊन आले.

तो रविवार त्यांनी त्याच दुपारी सांगून टाकला, एका दमात. मॅचला ते गेलेच नव्हते. मैदानामागे गव्हाचं शेत होतं, त्यात उताणे पडून राहिले. वर निळं आकाश, कानाशी ओंब्यांची सळसळ, आणि मधूनच मैदानावरचा गलका. पहिल्या आरोळीला त्यांना कळलं की आपल्या टीमनं गोल केला. मग दोनदा अशी शांतता झाली की त्यांनी समोरच्यांचे दोन गोल बोटांवर मोजले. मी लिहिता लिहिता मान हलवली. अशी मॅच मला ओळखीची होती.

पुढचे भाग सोपे गेले. लढाईनंतर वडील रेल्वेच्या कामगारांची टीम बघत. मग तीही सुटली, तर चर्चच्या आवारातल्या लहान मुलांना शिकवू लागले. शेवटपर्यंत लिंबांची पिशवी न्यायचे. एका वसंतात, जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. सिन्योरांनी त्याला एकच वाक्य दिलं. मी विचारलं, आणखी काही? म्हणाले, नको, त्यांना लांबवलेलं आवडायचं नाही.

दीडशे पानं झाली. कराम्यातल्या एका दुकानात मी त्याच्या पाच प्रती काढून बांधून घेतल्या. चार ऑस्ट्रेलियाला गेल्या. पाचवी त्यांनी ठेवली. मला द्यायला विसरले, आणि मी मागितली नाही. शॉर्टहँडच्या वह्या मात्र माझ्याकडेच राहिल्या. त्या आता मलाही धड वाचता येत नाहीत.

एकविसावं शतक सुरू झालं तेव्हा त्यांनी कंपनी एका लेबनीज भागीदाराच्या हवाली केली आणि गावी परतायचं ठरवलं. त्याच नदीकाठच्या गावी. विमानतळावर त्यांना सोडायला मी, नवरा आणि मुलगी गेलो होतो. मुलगी चौदा वर्षांची झाली होती, आणि त्यांच्याशी हात मिळवताना लाजत होती. सामान ट्रॉलीवर चढवून झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक विचारू? तुम्ही त्यांना माझ्याइतकंच ओळखता आता. ते चांगले वडील होते का?"

"सर," मी म्हटलं, "माझी त्यांची ओळख फक्त दुपारी एक ते चार."

ते मोठ्यानं हसले. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्याला "हबीबी" म्हणून मिठी मारली, आणि ट्रॉली ढकलत काचेच्या दारातून आत गेले.

नंतर दोन पोस्टकार्डं आली. पहिल्यात लिहिलं होतं, बेकरीवाला अजून आहे, आम्ही रोज पत्ते खेळतो आणि तो लबाडी करतो. दुसऱ्यात फक्त हवामान होतं. पुढे नवीन भागीदारानं ऑफिसची वेळ सलग केली, नऊ ते सहा. माझ्या मैत्रिणींना ते फार बरं वाटलं, संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून. मलाही वाटलं. दुपारी आता आम्ही सगळे अर्ध्या तासात डबे उरकायचो, आणि फोन वाजतच असायचे.